दारोदारची सुशी

नातवाला सुशी खाण्याची हौस आली. नागपुरात ती मिळते. पण आमच्या घरापासून लांब, आणि भाव पेन्शनरच्या खिशाला न झेपणारा. मला हानाया योहेई आठवला.

१७९९ साली जन्मलेला योहेई एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, पेटी घेऊन सुशी विकत फिरे. मूळची सुशी म्हणजे भातात महिनोन्‌महिने मुरवलेले मासे. पुढे भातात शिरका आला, तरी ती दाबून ठेवावी लागे. योहेईने शिरक्याच्या भाताचा घास मुठीत वळला, वर मासा ठेवला आणि तिथल्या तिथे गिऱ्हाइकापुढे केला. मुठीच्या सुशीचे श्रेय बहुतेक जण त्यालाच देतात.

१८२४ च्या सुमारास त्याने र्योगोकूत दुकान थाटले. नाव झाले, तसा भावही चढला. १८४० नंतर सरकारने चैनीवर बडगा उगारला, तेव्हा महाग सुशी विकल्याबद्दल त्याच्या हातात बेड्या पडल्या, असे सांगतात. १८५८ मध्ये तो वारला.

दारावरची वस्तू दुकानात गेली की गल्लीला पारखी होते. आमची सावजी खानावळ अजून गल्लीतच आहे. आज नातवाला तिथे नेतो. योहेईची गोष्ट रश्श्याबरोबर सांगेन.