जाक मोनो : जनुकांचे कुलूप शोधणारे शास्त्रज्ञ

जाक मोनो यांचा जन्म 1910 साली पॅरिसमध्ये झाला. बालपणी पोलिओने एक पाय अधू झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध भूमिगत लढा देतानाही त्यांनी जिवाणूंवरील प्रयोग सोडले नाहीत.

आपल्या बेळगावी कुंद्याच्या दुधात लॅक्टोज ही साखर असते. ती मिळत नसेल, तर जिवाणू ती पचवणारी जनुके बंद ठेवतो. हे कुलूप लावणारा एक रोधक असतो, असे मोनो व फ्रान्स्वा जाकोब यांनी 1961 साली मांडले. 1965 साली दोघांना आंद्रे ल्वोफ यांच्यासह नोबेल मिळाले. रोधक हे प्रथिन असल्याचे 1966 साली सिद्ध झाले. मोनो 1976 साली वारले.

गर्भ वाढतानाही रोधक व त्यांची मदतनीस सहरोधक प्रथिने नको ती जनुके गप्प ठेवतात. म्हणूनच त्याच जनुकांतून कुठे डोळा घडतो, कुठे यकृत.