कर्मवीर भाऊराव पाटील व त्यांचें वसतिगृह

विठ्ठलवाडींतील आमच्या धर्मग्रामस्थांपुढें या ज्युबिली अंकांत एका जैन सत्पुरुषाचें चरित्र ठेवितांना आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं; परक्यांचीं मुलें आपलीं मानण्याचा धडा सर्वांनींच घेण्याजोगा आहे.

भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजीं कुंभोज येथें झाला. कोल्हापुरास जैन वसतिगृहांत राहून शिकत असतां ते अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर शुद्धीचें स्नान त्यांनीं नाकारिलें, आणि राहतें वसतिगृह त्यांस सोडावें लागलें.

असा बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यानें पुढें कोणासही बाहेर न ठेवणारें घर उभारिलें. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापून १९२४ सालीं त्यांनीं साताऱ्यास छत्रपति शाहू बोर्डिंग काढिलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत व घरचीं कामें स्वतः करीत. धान्य संपलें तेव्हां पत्नी लक्ष्मीबाईंनीं प्रथम दागिने व अखेरीस मंगळसूत्रही मोडून मुलांस जेवूं घातलें. त्या १९३० सालीं निवर्तल्या; बोर्डिंग चालूच राहिलें.

१९४७ सालीं साताऱ्यास निघालेल्या त्यांच्या शिवाजी महाविद्यालयांत गरीब विद्यार्थी श्रम करून शिकूं लागले. ९ मे १९५९ रोजीं भाऊराव वारले.

वाचकहो, शिक्षणासाठीं आपल्या वस्तींत भाड्याच्या खोलींत राहणारें परगांवचें मूल आज जेवलें कीं नाहीं, हें आपण विचारतों काय? मंगळसूत्राच्या मानानें हें दान लहान आहे. तेंही न देण्यास आपण निमित्त तरी काय सांगावें?