दावीद राजाचा पिता : इशाय

इस्राएलचा राजा दावीद याचे नाव जगभर प्रसिद्ध आहे. त्याचा पिता इशाय मात्र राजा नव्हता की योद्धा नव्हता. सुमारे ३००० वर्षांपूर्वी यरुशलेमच्या दक्षिणेस असलेल्या बेथलेहेम गावी राहणारा, मेंढरे बाळगणारा तो एक गृहस्थ होता.

इशायची आजी रूथ ही मवाब देशाची होती. वैधव्य आल्यावर सासूची साथ न सोडता ती बेथलेहेमला आली. परक्यांच्या शेतात सरवा वेचून तिने दोघींचे पोट भरले. पुढे बवाज नावाच्या शेतमालकाशी तिचा विवाह झाला. त्यांचा पुत्र ओबेद आणि ओबेदचा पुत्र इशाय.

एकदा शमुवेल संदेष्टा नव्या राजाची निवड करण्यासाठी इशायकडे आला. इशायने आपले सात पुत्र एकामागून एक त्याच्यासमोर आणले. शमुवेलाने त्यांपैकी कोणालाही निवडले नाही. आणखी कोणी पुत्र आहे का, असे विचारल्यावरच इशायला रानात मेंढरे राखणाऱ्या धाकट्याची आठवण झाली. तोच दावीद. शमुवेलाने त्याला तेलाचा अभिषेक केला. ज्याला पित्याने मोजलेही नव्हते, तोच निवडला गेला.

पुढे पलिष्टी लोकांशी युद्ध पेटले. इशायचे तीन थोरले पुत्र शौल राजाच्या सैन्यात होते. वृद्ध पित्याचा जीव त्यांच्यात गुंतला होता. त्याने भाजलेले धान्य, दहा भाकरी आणि सरदारासाठी पनीर देऊन दावीदला त्यांची खुशाली आणण्यास पाठवले. त्याच फेरीत दावीदने गल्याथ या महाकाय योद्ध्याचा वध केला.

दावीदची कीर्ती वाढली, तसा शौल त्याचा द्वेष करू लागला. दावीदला जिवाच्या भीतीने अदुल्लामच्या गुहेत लपावे लागले. त्याचे कुटुंबीयही तेथे त्याला जाऊन मिळाले. दावीदने मवाबच्या राजाला विनंती करून आपल्या आईवडिलांना त्याच्या आश्रयास ठेवले. ज्या देशातून रूथ निराधार होऊन आली होती, त्याच देशाने उतारवयात तिच्या नातवाला आसरा दिला. पुढे दावीदचा राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्याच्या वर्णनात इशाय उपस्थित असल्याचा उल्लेख नाही.

शौल तुच्छतेने दावीदचे नाव टाळून त्याला केवळ इशायचा मुलगा म्हणत असे. परंतु ज्या नावाने हिणवले गेले, तेच पुढे आशेचे प्रतीक ठरले. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात भावी न्यायी राजाला इशायच्या बुंध्यातून फुटणाऱ्या कोंबाची उपमा दिली आहे. त्यावरूनच युरोपातील कलावंतांनी इशायचा वंशवृक्ष चितारला. फ्रान्समधील शार्त्र येथील चर्चच्या रंगीत काचांत १२ व्या शतकातील असा वृक्ष आजही दिसतो. त्यात राजे वरच्या फांद्यांवर बसलेले आहेत. मुळाशी मात्र बेथलेहेमचा हा साधा गृहस्थ आहे.