लॉक बोल्टची चावी हरवली आणि आर्देशीर गोदरेज भेटले

मागच्या महिन्यात किन्हवलीहून सरळगावकडे जाताना माझी गाडी पंक्चर झाली. स्टेपनी होती, जॅक होता, पानाही होता. पण अलॉय चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एक लॉक बोल्ट लावलेला, आणि तो फिरवणारा नक्षीचा सॉकेट, म्हणजेच त्याची चावी, घरी टेबलावर! चोरासाठी लावलेलं कुलूप मलाच नडलं. भाऊ चावी घेऊन येईपर्यंत रस्त्याकडेला बसून मोबाईलवर कुलुपांबद्दल वाचत होतो. तिथे आर्देशीर गोदरेज सापडले. आपल्या आजीच्या कपाटावर ज्यांचं नाव असतं, तेच.

मुंबईतल्या पारशी घरात १८६८ साली जन्म. शिकले वकिली. १८९४ मध्ये एका खटल्यासाठी झांझिबारला गेले. तिथे अशिलाच्या बाजूने जे बोलायचं होतं ते खरंच आहे याची स्वतःला खात्री नाही, म्हणून बोलायलाच नकार दिला. वकिली तिथेच संपली. परत येऊन मेरवानजी कामा यांच्याकडून कर्ज घेतलं आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली. माल चांगला होता. पण त्यावर भारतात बनल्याचा शिक्का नको, असं घेणाऱ्या इंग्रज कंपनीचं म्हणणं, आणि शिक्का हवाच हा यांचा हट्ट. धंदा बुडाला. कर्ज डोक्यावर असताना असा हट्ट आपण कोणी केला असता का? मी तरी नाही.

मग पेपरात मुंबईतल्या घरफोड्यांची बातमी वाचली. १८९७ मध्ये लालबागला एका छोट्या शेडमध्ये कुलुपांचं काम सुरू झालं. आता खरी टेक्नॉलॉजी बघा. त्यांच्या 'गॉर्डियन' कुलुपाला दोन चाव्या असत. दोन्हींनी कुलूप उघडे, पण एक चावी आतली रचनाच बदलू शकत असे, आणि मग दुसरी निकामी. सरळ सांगायचं तर, पासवर्ड रीसेट! 'डिटेक्टर' कुलपात कोणी चुकीची चावी फिरवली तर मालकाला नंतर ते कळायचं. पुढे १९०९ मध्ये स्प्रिंग नसलेल्या कुलपाचं पेटंट मिळवलं, कारण स्प्रिंग तुटली की चांगलं कुलूपही गेलंच.

तिजोऱ्या आल्या, नंतर वनस्पती तेलाचा साबण आला. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. शेवटी कारभार भाऊ पिरोजशांवर सोपवून ते नाशिकला शेती करायला गेले. १९३६ मध्ये वारले.

भाऊ आला, चाक बदललं. तुम्ही लॉक बोल्ट घेणार असाल तर आधी गाडीचं मॅन्युअल उघडा: आटे आणि बसायचा आकार जुळायलाच हवा. फोक्सवॅगनला गोल बसणारा बोल्ट लागतो. मारुती, ह्युंदाईला बोल्ट नाही, नट लागतो, आणि दोघांचे आटेही वेगळे. दुकानात मशीनगनने आवळू देऊ नका, नक्षी खराब होते. हातपान्याने, मॅन्युअलमधल्या टॉर्कनुसार आवळा. चावीचा कोड असलेल्या कार्डाचा फोटो लगेच काढून ठेवा, चावी हरवली तर नवी त्यावरूनच मागवता येते. माझी चावी आता स्टेपनीच्या खड्ड्यात, फडक्यात गुंडाळलेली आहे.