शेतकऱ्याच्या घरातील बॅरिस्टर : डॉ. पंजाबराव देशमुख यांचे शिक्षण व त्यांनी केलेली निवड

आपल्या शेतकरी समाजात डॉ. पंजाबराव उपाख्य भाऊसाहेब देशमुख यांचे नाव न ऐकलेले घर सापडणे कठीण. भारताचे कृषिमंत्री म्हणून, शिक्षणसंस्थेचे संस्थापक म्हणून त्यांची तसबीर अनेक शाळांच्या भिंतींवर विराजमान आहे. परंतु तसबिरीतील प्रौढ पुरुषास आपण जितके ओळखतो, तितके त्याच्या विद्यार्थिदशेस ओळखत नाही. वऱ्हाडातील एका खेड्यातला मुलगा कायद्याच्या शिक्षणासाठी कोठे गेला, कोणता मार्ग त्याने धरला आणि त्या मार्गाने मिळालेल्या विद्येचे पुढे त्याने काय केले, याचा विचार आज विशेष उपयुक्त ठरेल. कारण प्रतिवर्षी आपल्या ज्ञातीतील कित्येक मुलेमुली वकिलीच्या शिक्षणाकडे वळू लागली आहेत, आणि कोणते महाविद्यालय निवडावे हा प्रश्न वडनेर भोलजीसारख्या गावातील मातापित्यांपुढेही उभा राहत आहे.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. वडिलांचे नाव शामराव व आईचे राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुखी वतनामुळे देशमुख हे नाव रूढ झाले. वतनाचे नाव मोठे असले तरी घरचा व्यवसाय शेतीचाच, आणि वऱ्हाडातील शेती म्हणजे पावसाच्या व कापसाच्या भावाच्या लहरीवर चालणारा संसार. गावात उच्च शिक्षणाची सोय नसल्याने शिक्षणासाठी या मुलास लहानपणीच घर सोडावे लागले. अमरावतीच्या हिंदू हायस्कुलातून तो मॅट्रिक झाला. संस्कृत हा त्याचा आवडता विषय होता. त्या काळी शेतकऱ्याच्या मुलाने संस्कृतात प्रावीण्य मिळवावे ही गोष्ट अनेकांस नवलाची वाटे.

मॅट्रिकनंतर पुढे काय, हा प्रश्न त्या वेळी आजच्याहून फार बिकट होता. संपूर्ण वऱ्हाडात तेव्हा एकही महाविद्यालय नव्हते. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज व नागपूरचे विद्यापीठ ही दोन्ही १९२३ साली अस्तित्वात आली. त्यापूर्वी नागपूरची हिस्लॉप व मॉरिस ही महाविद्यालये दूरच्या अलाहाबाद विद्यापीठाशी जोडलेली होती. म्हणजे वऱ्हाडी विद्यार्थ्यापुढे दोनच दिशा. लोहमार्गाने पूर्वेस जावे तर नागपूर आणि अलाहाबादची पदवी. पश्चिमेस जावे तर मुंबई-पुणे आणि मुंबई विद्यापीठाची पदवी. आपल्या वडनेरहून नांदुऱ्यास जाऊन गाडीत बसावे की मलकापुरास जाऊन, एवढ्यावरून मुलाचे विद्यापीठ ठरावे, अशी ती स्थिती होती. भाऊसाहेबांनी पश्चिमेचा मार्ग धरला आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात नाव घातले.

पुण्यासच राहून पदवी घ्यावी व त्यानंतर मुंबई विद्यापीठाची एल्‌एल्‌. बी. करावी, हा त्या काळचा रुळलेला मार्ग होता. पदवीनंतर कायद्याच्या अभ्यासास आणखी दोन वर्षे लागत. लोकमान्य टिळक व अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे कितीतरी थोर पुरुष याच विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले होते. तेव्हा हा मार्ग कमी प्रतीचा होता, असे मुळीच नव्हे. तथापि भाऊसाहेबांनी तो सोडला. येथील पदवी पुरी होण्याची वाट न पाहता १९२० साली त्यांनी विलायतेस प्रयाण केले. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते.

हा निर्णय साहसाचा होता, परंतु आंधळा नव्हता. त्याचे मर्म कळण्यासाठी त्या काळची बॅरिस्टरी म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. बॅरिस्टरीची पदवी कोणतेही विद्यापीठ देत नसे. लंडन शहरात लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल व ग्रेज इन अशा चार प्राचीन वकीलसंस्था आहेत. त्यांपैकी एकीत नाव नोंदवावे, कायद्याच्या परीक्षा द्याव्यात आणि ठरावीक सत्रे भरावीत, म्हणजे बॅरिस्टरीची सनद मिळे. वर्षात चार, याप्रमाणे एकंदर बारा सत्रे असत. सत्र भरणे म्हणजे रोज वर्गात बसणे नव्हे. संस्थेच्या भोजनगृहात नेमलेल्या दिवशी सहभोजनास उपस्थित राहिले की सत्र भरल्याचे मानले जाई. विद्यापीठात शिकणाऱ्यास सत्रातून तीन भोजने पुरत, इतरांस सहा लागत. आपल्याकडे या प्रथेची पुष्कळ थट्टा होत असे. परंतु तिच्यात एक सोय दडलेली होती. बॅरिस्टरीचा अभ्यास करीत असतानाच विद्यार्थी दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात विद्याव्यासंग करू शकत असे.

ही सोय ओळखून तिचा पुरेपूर लाभ घेणाऱ्यांत भाऊसाहेब होते. स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठातून त्यांनी एम्‌. ए. ही पदवी मिळविली. तेथे त्यांच्या संस्कृतच्या व्यासंगाचे चीज झाले व शिष्यवृत्तीही लाभली. एडिंबरो ते लंडन हे अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटरचे. शिवाय स्कॉटलंडचा कायदा इंग्लंडच्या कायद्याहून वेगळा असल्यामुळे वकिलीची सनद मिळवावयाची ती लंडनमधूनच. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टर ही पदवी संपादन केली. हा प्रबंध १९३३ साली ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. याच वास्तव्यात ते बॅरिस्टरही झाले.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. सनद ही चरितार्थाची किल्ली आहे, विद्या ही बुद्धीची मशागत आहे. पुष्कळ तरुण केवळ सनद घेऊन परतत. त्यांच्या नावापुढे बार-ॲट-लॉ ही अक्षरे लागत आणि तेवढ्यावर विवाहाचे व व्यवसायाचे भागून जाई. भाऊसाहेबांनी सनदेसाठी लंडनची वकीलसंस्था आणि विद्येसाठी विद्यापीठे, अशी दोन वेगळ्या हेतूंकरिता दोन वेगळी स्थळे धरली. शास्त्राचा आधार सांगून शेतकऱ्यास व अस्पृश्यास मागे ठेवले जात होते. ते शास्त्र त्यांनी मुळातून अभ्यासिले. कोर्टकचेऱ्यांतून कुळाची जमीन जात होती. तो कायदाही मुळातून अभ्यासिला. साधारण याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन अशा दोन संस्थांतून अर्थशास्त्र व कायदा यांचा एकत्र अभ्यास करीत होते आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले. महाराष्ट्राच्या या दोन सुपुत्रांनी एकाच काळी कायद्यास दुसऱ्या शास्त्राची जोड द्यावी, ही गोष्ट मननीय आहे.

या शिक्षणाची किंमत मात्र घराने मोजली. शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाने विलायतेतील मुलास पैसे पाठवावयाचे म्हणजे सावकाराचे दार ठोठावणे आलेच. सहा वर्षे हा भार त्या घराने सोसला. मातापित्यांचा हा त्याग सांगताना आपण नेहमी त्यांची थोरवी गातो, आणि ते योग्यच आहे. परंतु अशा त्यागाने मुलावर केवढे ऋण चढते, हेही सांगितले पाहिजे. भाऊसाहेबांची थोरवी ही की, ते ऋण त्यांनी केवळ आपल्या घराचे मानले नाही.

१९२६ साली ते स्वदेशी परतले. मुंबईच्या मोठ्या न्यायालयात जाऊन पैसा मिळविण्याची वाट खुली असता त्यांनी अमरावतीस वकिली आरंभिली. १९२७ साली त्यांनी श्रद्धानंद छात्रालयाची स्थापना केली. त्यात सर्व जातींचे विद्यार्थी एकत्र राहत. त्याच वर्षी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. एका ज्ञातीच्या स्मरणिकेत ही गोष्ट लिहिताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. तिचा उल्लेख टाळला तर चरित्र अपुरे राहील. विमलाबाईंनीही पुढे कायद्याची पदवी घेतली आणि १९६७ साली त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या. घरातील सुनेनेही कायदा शिकावा, हा विचार त्या पिढीत या दांपत्याने आचरून दाखविला.

१९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद भाऊसाहेबांकडे आले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या करण्याचे पाऊल त्यांनी उचलले. १९३० साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात शिक्षण व कृषी ही खाती त्यांच्याकडे आली. १९३३ साली या प्रांतात कर्ज लवादाचा कायदा झाला. या कायद्यामागे भाऊसाहेबांचे परिश्रम होते. सावकार व ऋणको यांना लवाद मंडळापुढे बसवून देणे ठरवावे आणि ते हप्त्यांनी फेडण्याची सोय करावी, असे त्याचे स्वरूप होते. त्या वेळी मंदीमुळे कापसाचे भाव कोसळले होते आणि व्याजापायी जमिनी सावकाराच्या नावावर चढत होत्या. अशा समयी वऱ्हाडातील कित्येक कुटुंबांची शेती या कायद्याने तगली. ज्या कर्जाच्या आधारावर शेतकऱ्याचा मुलगा शिकावयास जातो, त्या कर्जाची बेडी सैल करण्यास त्या मुलाची विद्या कामास आली, यापरते सार्थक कोणते ?

परंतु त्यांच्या मनात याहून मोठी एक खंत घर करून होती. आपणास शिकण्यासाठी गाव, जिल्हा, प्रांत व अखेरीस देशही सोडावा लागला. ज्याच्या घरी तेवढे बळ नाही त्या मुलाने काय करावे? निवड करण्याचा अधिकार सर्वांस सारखा आहे असे आपण म्हणतो, पण ज्याच्या टप्प्यात एकही महाविद्यालय नाही त्याने निवडावे तरी काय ? या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कृतीने दिले. १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना झाली. आज या संस्थेच्या दोनशेहून अधिक शाळा-महाविद्यालये विदर्भात चालतात, आणि त्यांतच अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख विधी महाविद्यालयही आहे. एका विद्यार्थ्यास ज्या विद्येसाठी सातासमुद्रापलीकडे जावे लागले, ती पुढे त्याच्याच नावाने त्याच्याच जिल्ह्यात सुलभ झाली.

पुढे घटना समितीचे सदस्य म्हणून त्यांनी राज्यघटनेच्या चर्चेत भाग घेतला व मागासलेल्या वर्गांचा कैवार घेतला. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रीय मंत्रिमंडळात होते. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

आता या चरित्रातून आपल्या पाल्यांनी काय घ्यावे ? भाऊसाहेब विलायतेस गेले म्हणून आपणही जावे, हा बोध त्यातून निघत नाही. तो काळ निराळा होता. १९६१ च्या वकील अधिनियमाने बॅरिस्टर व वकील हा भेद मिटविला, आणि परदेशी पदवीस आता भारतीय बार कौन्सिलची मान्यता आवश्यक झाली आहे. आज बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो. अमरावती व अकोला येथे विधी महाविद्यालये आहेत. नागपुरास विद्यापीठाच्या महाविद्यालयाबरोबरच राष्ट्रीय विधी विद्यापीठही स्थापन झाले आहे. राज्यातील महाविद्यालयांसाठी राज्याची प्रवेश परीक्षा आहे, राष्ट्रीय विद्यापीठांसाठी अखिल भारतीय परीक्षा निराळी आहे, आणि या दोहोंच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

म्हणून निवडीपूर्वी पालकांनी व पाल्यांनी एकत्र बसून काही प्रश्न स्वतःस विचारावेत. शिकून कोठे काम करावयाचे आहे ? जिल्हा न्यायालयात उभे राहावयाचे असेल, तर तेथील कामकाज मराठीतून चालते आणि अशील शेजारच्या गावचा असतो. त्यास जवळचे महाविद्यालय व एखाद्या अनुभवी वकिलाच्या हाताखालील उमेदवारी अधिक फलदायी ठरेल. बुलढाणा जिल्ह्याचे उच्च न्यायालयातील काम नागपूर खंडपीठापुढे चालते. तेथे जाण्याची आकांक्षा असेल, तर इंग्रजीवर प्रभुत्व हवे आणि नागपूरचा सहवास उपयोगी पडेल. महाविद्यालयास बार कौन्सिलची मान्यता आहे काय, अध्यापक नित्य शिकवितात काय, ग्रंथालय उघडे असते काय, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. केवळ इमारतीस व नावास भुलून शेत गहाण टाकू नये. तसेच केवळ घराजवळ आहे म्हणून, अथवा मुलगी आहे म्हणून, बुद्धिमान पाल्याची झेप तोडू नये.

भाऊसाहेबांनी परतल्यावर काय करावयाचे याचे भान ठेवून आपले शिक्षण घेतले, आणि म्हणूनच ते शिक्षण वऱ्हाडाच्या कामी आले. आपल्या ज्ञातीतून वकील पुष्कळ होतील. त्यांतील प्रत्येकाने निदान एका गरीब खातेदाराचा सातबारा वाचवावा आणि निदान एका मुलाच्या शिक्षणाचा भार उचलावा. भाऊसाहेबांच्या स्मृतीस याहून योग्य अभिवादन नाही.