पठ्ठे बापूराव
पठ्ठे बापूराव (मूळ नाव: श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म: रेठरे हरणाक्ष, ११ नोव्हेंबर १८६६, मृत्यू: पुणे, २२ डिसेंबर १९४५) हे मराठी शाहीर व लावणीकार होते. ब्राह्मण कुळात जन्मूनही ते तमाशाच्या फडात उतरले. त्यापायी त्यांना स्वजातीचा रोष पत्करावा लागला. गण, गौळण, लावणी, भेदिक अशी विपुल रचना त्यांनी केली. फडात ढोलकी, तुणतुणे व झांजेच्या साथीवर सुरत्ये झील धरीत आणि संगमनेरजवळील हिवरगावच्या, महार समाजातील पवळाबाई लावणी रंगवीत. ही जोडी महाराष्ट्रभर गाजली. पुढे पवळाबाई वेगळ्या झाल्या आणि फडाला उतरती कळा लागली. बापूरावांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. त्यांची कवने मात्र नंतरच्या फडांतूनही गायिली जात राहिली.