तिसरा हात : ओले कर्क क्रिस्टियनसेन

लेगो हे नाव ऐकलं नाही असा आपल्या कॉलेजात एकही जण सापडणार नाही. खऱ्या लेगोच्या विटा ज्यांना लहानपणी मिळाल्या ते नशीबवान! आमच्यासारख्या महाड-पोलादपूरकडच्या पोरांच्या वाट्याला आल्या त्या विरेश्वराच्या छबिन्यात मिळणाऱ्या, पिशवीत भरलेल्या, रंगीबेरंगी विटा. दिवाळीत मातीचा रायगड करायचा आणि मे महिन्यात या विटांचं घर. पण ही वीट मुळात आणली कोणी, असं विचारलं तर? एडिसन, टाटा, विश्वेश्वरय्या सगळे पाठ असलेल्या वर्गातसुद्धा शांतता पसरते. म्हणून या अंकात त्या माणसाविषयी लिहायचं ठरवलं. तो इंजिनिअर नव्हता. कॉलेजचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं. तो होता सुतार.

त्यांचं नाव ओले कर्क क्रिस्टियनसेन. नाव ‘ओले’ असलं तरी गाठ पडली ती आगीशी, आणि तीसुद्धा एकदा नाही, दोनदा! पण ते पुढे येईलच.

७ एप्रिल १८९१ रोजी डेन्मार्कच्या जटलंड भागात, बिलुंड गावाजवळ एका गरीब शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. घरात खाणारी तोंडं पुष्कळ. लहानपणी मेंढ्या राखायच्या आणि वेळ जात नाही म्हणून चाकूने लाकडाचे तुकडे कोरत बसायचं, हा त्यांचा उद्योग. पुढे थोरल्या भावाच्या हाताखाली ते सुतारकाम शिकले. मग जर्मनी आणि नॉर्वे इथे काही वर्षं कामं केली. १९१६ मध्ये परत येऊन त्यांनी बिलुंडमधलं एक लाकूडकामाचं वर्कशॉप विकत घेतलं. त्याच वर्षी क्रिस्टिनाशी लग्न झालं. बिलुंड म्हणजे तेव्हा अगदीच लहान गाव. आसपासच्या शेतकऱ्यांची घरं बांधायची, दारं-खिडक्या करायच्या, हिवाळ्यात बांधकाम थांबलं की फर्निचर करायचं, असा त्यांचा धंदा होता.

१९२४ साली पहिली आग लागली. वर्कशॉपमध्ये सरस गरम करायची शेगडी होती. त्यांची दोन लहान मुलं ती पेटवायला गेली आणि रंधा मारलेल्या भुश्श्याने पेट घेतला. वर्कशॉप गेलं आणि राहतं घरही गेलं. मुलं वाचली, हे नशीब. दुसरा एखादा खचला असता. ओलेंनी मात्र पहिल्यापेक्षा मोठी इमारत उभी केली, एका भागात कुटुंब ठेवलं आणि उरलेला भाग भाड्याने दिला. दाराशी दोन सिंहांचे पुतळे बसवले, म्हणून ते सिंहांचं घर म्हणून ओळखलं जाऊ लागलं. बिलुंडमध्ये ते अजून उभं आहे.

पण घर बांधलं म्हणून घरं बांधायची कामं थोडीच मिळतात? १९२९ नंतर जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्यांकडेच पैसा नाही, तर घर बांधणार कोण? ओलेंना एकेक करून कामगार कमी करावे लागले. त्यात १९३२ मध्ये पत्नी वारली. पदरात चार मुलगे, हाताला काम नाही आणि डोक्यावर कर्ज!

इथेच खरी गंमत आहे. मोठं काम मिळेना म्हणून ओले लहान वस्तू करू लागले. शिड्या, स्टुलं, इस्त्रीची टेबलं. या वस्तूंचे नमुने म्हणून ते आधी छोट्या प्रतिकृती करत, म्हणजे आपल्या भाषेत स्केल मॉडेल. ती मॉडेलं इतकी देखणी व्हायची की त्यातूनच खेळणी करण्याची कल्पना पुढे आली. मग लाकडी मोटारी, प्राणी, यो-यो सुरू झाले. भावंडांना हे पोरखेळ वाटायचे. कर्जाला जामीन राहायला ती तयार झाली, पण खेळण्यांचा नाद सोड असा त्यांचा आग्रह होता. कधी गिऱ्हाइकाकडे रोख पैसे नसत, तेव्हा खेळण्याच्या बदल्यात खाण्याचे जिन्नस घ्यावे लागत. यो-योची लाट ओसरल्यावर पडून राहिलेले यो-यो मधोमध कापून त्यांनी खेळण्यातल्या ट्रकची चाकं केली. याला म्हणतात रिसायकलिंग!

१९३४ मध्ये कंपनीला नाव द्यायचं ठरलं. कामगारांत स्पर्धा ठेवली, बक्षीस घरी केलेल्या वाइनची बाटली. शेवटी नाव सुचलं ते ओलेंनाच. छान खेळ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची पहिली अक्षरं जोडून ‘लेगो’ तयार झालं.

आता तिसऱ्या हाताची गोष्ट. लेगोचं लाकडी बदक तेव्हा फार खपायचं. त्यावर वॉर्निशचे तीन हात मारायची पद्धत होती. ओलेंचा मुलगा गोडफ्रेड वडिलांच्या हाताखाली शिकत होता. एकदा बदकांची मोठी ऑर्डर गेली. गोडफ्रेडने दोनच हात मारून माल पेट्यांत भरला, स्टेशनवर पोचवला आणि घरी येऊन कौतुकाने सांगितलं की आज आपण पैसे वाचवले. वडिलांनी कौतुक केलं नाही. आत्ताच्या आत्ता स्टेशनवर जाऊन पेट्या परत आण, तिसरा हात मार, पुन्हा पॅक कर आणि पोचव, असं फर्मावलं. तेही एकट्याने, रात्र जागावी लागली तरी चालेल! गोडफ्रेड हे आयुष्यभर विसरला नाही. उत्तमाहून कमी काही चालणार नाही, अशा अर्थाची लाकडी पाटी पुढे त्यानेच करून वर्कशॉपच्या भिंतीवर लावली.

विचार करा, तिसरा हात नसला तरी गिऱ्हाइकाला त्या दिवशी काहीच कळलं नसतं. बदक तसंच चमकलं असतं. फरक कळला असता काही महिन्यांनी, एखाद्या घरातल्या पोराच्या हातात. ज्या सुताराने आयुष्याची पहिली कित्येक वर्षं लोकांची घरं बांधली, त्याला हे पक्कं ठाऊक होतं. घराचं कच्चं काम गृहप्रवेशाच्या दिवशी दिसत नाही, ते चौथ्या पावसाळ्यात दिसतं. ओलेंनी घर सोडून खेळणं हातात घेतलं, पण माप घराचंच ठेवलं.

१९४२ मध्ये दुसरी आग लागली. डेन्मार्कवर जर्मन सैन्याचा ताबा होता, महायुद्ध चालू होतं, आणि मार्चमधल्या एका रात्री कारखाना जळाला. नमुने आणि ड्रॉइंग सगळं खाक. पन्नाशी उलटलेली. धंदा बंद करावा असं त्यांच्याही मनात आलं. पण कामगारांच्या पोटाचा प्रश्न होता, म्हणून पुन्हा कारखाना उभा राहिला.

युद्ध संपल्यावर या लाकडाच्या माणसाने प्लॅस्टिकचं इंजेक्शन मोल्डिंग मशिन मागवलं. घरच्यांना हा वेडेपणा वाटला. मशिन महाग, आणि लाकडी खेळण्यांचा धंदा तर बरा चालला होता! पण ओले अडून बसले. त्यांच्यासमोर ब्रिटिश खेळणीकार हिलरी फिशर पेज यांच्या किडिक्राफ्ट कंपनीची प्लॅस्टिकची वीट आली. हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवं की विटेची मूळ कल्पना ओलेंची नाही. ती वीट समोर ठेवून, मापात थोडे बदल करून त्यांनी १९४९ मध्ये आपली वीट बाजारात आणली. (किडिक्राफ्टच्या विटेचे हक्क लेगोने १९८१ मध्ये रीतसर विकत घेतले.)

ती वीट सुरुवातीला फारशी चालली नाही. कारण काय? आतून पोकळ. एकावर एक बसायची, पण घट्ट धरायची नाही. घर बांधून उचललं की भिंती हातात! उपाय गोडफ्रेडच्या काळात निघाला. विटेच्या पोटात पोकळ नळ्या बसवल्या. आता खालच्या विटेची बोंडं वरच्या विटेच्या भिंती आणि नळ्या यांच्यामध्ये आवळून बसू लागली. मेकॅनिकलवाले ज्याला इंटरफेरन्स फिट म्हणतात, तेच हे. त्यासाठी साच्याची अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक ठेवावी लागते. या रचनेच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी कोपनहेगनमध्ये दाखल झाला आणि ११ मार्च १९५८ रोजी ओले वारले. जेमतेम सहा आठवड्यांचं अंतर! विटेचं पुढचं वैभव त्यांनी पाहिलंच नाही. पण १९५८ ची वीट आजच्या विटेवर चपखल बसते. आणि आठ बोंडांच्या, एकाच रंगाच्या फक्त सहा विटा ९१,५१,०३,७६५ तऱ्हांनी जोडता येतात!

आता तुम्ही म्हणाल, डेन्मार्कच्या सुताराचं आपल्याकडे काय? जुलै २०२१ आठवा. महाडच्या बाजारपेठेत सावित्रीचं पाणी शिरलं, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीला माणसं गेली. २००५ चा जुलै ज्यांनी पाहिला होता, त्यांनी दुसऱ्यांदा चिखल उपसला. आमच्या आजीचं पोलादपूरकडचं कौलारू घरही त्या पावसात खचलं आणि शेवटी उतरवावं लागलं. सगळे वाचले, स्लॅबचं नवीन घरही झालं. पण आजी बोलताना अजून जुन्याच घरात असते. म्हणून मी आणि ताईने ठरवलं, या गणपतीला आजीला विटांचं तेच घर करून भेट द्यायचं.

तुम्हाला कोणाला असं घर करायचं असेल, तर गणित सोपं आहे. बोंडापासून बोंडापर्यंत अंतर ८ मिमी, विटेची उंची ९.६ मिमी, पातळ पट्टीची ३.२ मिमी. घर गेलं तरी जोतं शाबूत होतं. टेप लावला : समोरून २४ फूट, खोली २९ फूट. १:५० स्केलने समोरची बाजू १४६ मिमी, म्हणजे १८ बोंडं; खोली १७७ मिमी, म्हणजे २२ बोंडं. भिंतीची १० फूट उंची ६१ मिमी होते, म्हणजे सहा विटा आणि वर एक पट्टी. भिंतीच्या एका थराला ७६ बोंडं, म्हणजे चार बोंडांच्या १९ विटा. सहा थरांना ११४, त्यातून दारं-खिडक्या वजा. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, हा गवंड्याचा नियम इथेही लागू! उतरत्या विटा ४५ आणि ३३ अंशांच्या मिळतात. कौलारू छपराला ३३ चीच शोभते. विटा मागवण्याआधी कॉम्प्युटरवर पूर्ण घर रचून घ्या, म्हणजे रंग आणि नग चुकत नाहीत.

खरा प्रश्न आला तो आतल्या भागाचा. छप्पर एकदा बसलं की माजघर कोणाला दिसणार? मागची पडवी तर भिंतीकडेच राहणार. आत पोकळ ठेवलं तर निदान दोनशे रुपयांच्या विटा आणि एक रविवार वाचला असता. ताईने एवढंच विचारलं की मग बदकाला तिसरा हात कशाला? मग माजघर झालं, माळा झाला, चुलीजवळची दिवा ठेवायची देवळीसुद्धा झाली. ती म्हणजे भिंतीत सोडलेली एका बोंडाची जागा. छप्पर उचलता येईल असं केलंय. आजी ते उचलून आत बघणार, याबद्दल आम्हाला शंका नाही.

लेगोच्या घरात कोणी राहायला जात नाही. दरड काय, पूर काय, खेळण्यातली वीट ते थोपवू शकत नाही. ते काम उद्या आपल्यालाच करायचं आहे. आपल्यातले किती तरी जण चार वर्षांनी साइटवर उभे राहतील. महाड-पोलादपूरमध्येच कोणाचं तरी जोतं, कोणाची तरी संरक्षक भिंत, कोणाची तरी मोरी आपल्या सहीने पास होईल. त्या वेळी काँक्रीटवर पाणी मारायचे दिवस कमी करू या, कोणाला कळतंय, असं सांगणारा कोणीतरी शेजारी नक्की उभा असेल. तेव्हा स्टेशनवरून बदकांच्या पेट्या परत घेऊन येणारा गोडफ्रेड आठवा, म्हणजे झालं!

– द्वितीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी